बंद मोटारीचा शॉक

१

धाकलू फर्डे विहिरीच्या कडेला पालथा सापडला, तेव्हा मोटार बंद होती. हीच गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरेना. उजव्या हाताची बोटं काळी पडलेली, पक्कड उडून भेंडीच्या सरीत गेलेली, पाय ओल्या मातीत. शॉक लागून गेला हे पोरासोरांनाही कळत होतं. पण बंद मोटारीच्या वायरीत करंट आला कुठून?

दुपारची भाकरी घेऊन आलेल्या गीताबाईला, त्याच्या बायकोला, आधी वाटलं की हा वाकून काहीतरी शोधतोय. तिने दोनदा हाक मारली. मग तिची जी किंकाळी उठली ती ऐकून ओढ्यापलीकडे शेरडं चारणारा बुधू धावत आला. स्टार्टरवर लाल दिवा, म्हणजे बंद. उंदरांनी कुरतडलेली मोटारीची वायर धाकलू नव्याने जोडत असावा, कारण तिची टोकं उघडी होती. आणि स्टार्टरच्या शेजारी भिंतीला एक पांढरा डबा, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘पाणसखा’.

तो डबा नम्रता विशेने विकला होता.

नम्रता त्या वेळी मुरबाडला होती. भाजीपाला करणाऱ्या बायकांच्या गटापुढे तिचा डेमो नुकताच संपला होता. ठाण्याच्या यार्डात कंपनीचा एक पंप आहे, तो इथून फोनवर चालू-बंद करून दाखवायचा, हा तिचा डेमो. भाषण ती फार करत नसे. गर्दीतल्या एखाद्या आजीला पुढे बोलवायची, फोन तिच्या हातात द्यायची आणि बाकीच्या बायकांना मोठ्याने मोजायला लावायची. आज पारूआजी पुढे आल्या होत्या. चालू, बंद, “एक!” चालू, बंद, “दोन!” चालू, बंद, “तीन!” सभागृह दणाणलं. स्क्रीनवर करंटचा आकडा काही आज शून्यावरून हलला नव्हता, पण “आपल्या मुरबाडचं नेटवर्क बघा कसं आहे” म्हणून नम्रताने वेळ मारून नेली. बायका हसल्या आणि गटाने इतकी मोठी ऑर्डर दिली की ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. नम्रताने पारूआजींचा फोटो स्टेटसला टाकला.

बॅनर गुंडाळत असतानाच तिचे मॅनेजर अनिल कुलथे यांचा फोन आला.

“नम्रता, आटगावकडचा तुझा तो फर्डे. गेला.”

“गेला?” ती वैतागली. “कुणाकडे गेला, सर? मागच्याच आठवड्यात बोलले होते मी. दुसरी कंपनी किती स्वस्त देतेय?”



“अगं, मेला तो,” अनिल सर म्हणाले.

२

स्वतःच्या त्या प्रश्नाची लाज नम्रताला रात्रभर झोपू देईना. माणूस गेला म्हटल्यावर तिच्या मनात आधी गिऱ्हाईक आलं होतं. पाच वर्षांच्या नोकरीत हे असं कधी झालं, तिला सांगता आलं नसतं.

ती इथलीच, किन्हवलीची. कंपनीने तिला घेतलं तेही त्यासाठीच. पुण्याहून इस्त्रीच्या शर्टात येणाऱ्या पोरांना लोक चहा पाजत आणि वाटेला लावत. नम्रता मात्र थेट चुलीपाशी जाऊन बसायची. “वहिनी, थंडीत पहाटे पाणी द्यायला दादांना कशाला उठवताय? गोधडीत बसून बटण दाबायचं,” एवढं बोलली की अर्धं काम व्हायचं. महिन्याच्या टार्गेटचा तक्ता दर सोमवारी ग्रुपवर पडे आणि तिचं नाव बहुधा वरच्या ओळीत असे.

सकाळी अनिल सरांनी तिला पुन्हा फोन केला. आवाज शांत होता.

“पोलिसांनी रेकॉर्ड मागितलं, आपण दिलं. दुपारी मोटार ॲपवरून चालू झालीय. म्हणजे डब्यात काही बिघाड नाही. कुणीतरी फोनवरून दाबलं.”

“कुणी?”

“त्यांचं खातं एकच, फोन दोन. एक धाकलूचा, तो घरी चार्जिंगला होता. दुसरा त्याच्या भावाचा, रघूचा. पाण्यावरून दोघांचं वाकडं होतं, सगळा गाव सांगतोय. पोलिसांनी रघूला नेलंय चौकशीला. आपल्या दृष्टीने चांगलंच झालं. चांगलं म्हणजे... चित्र स्पष्ट आहे.”

“हो सर.”

“तू जा तिकडे. त्या बाईकडून एवढं बोलवून घे की भांडण होतं आणि डब्याबद्दल तक्रार नव्हती. फोनवर रेकॉर्ड कर. ‘पाणसख्याने माणूस मारला’ अशी हाकाटी झाली तर मुरबाडची ऑर्डर विसर. तुझ्यावर विश्वास ठेवतात ती माणसं.”

शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. नम्रताला ते चावलं. तरी अंत्यसंस्कार उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटर काढली. वाटेत तिच्या लक्षात आलं की रघूचं नाव ऐकल्यापासून आपल्याला हायसं वाटतंय. भावानेच भावाला मारलं असेल तर डबा सुटला, आणि डबा सुटला तर आपणही. आटगाव स्टेशनचं फाटक ओलांडताना ती मनात म्हणत होती, रघूच असू दे. देवा, रघूच असू दे.

३

फर्ड्यांचं अंगण एकच, घरं दोन. मधे करवंदीच्या काट्यांचं कुंपण. ते नवं होतं, मागच्या वेळी नम्रताने पाहिलं नव्हतं.

गीताबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तिची मुलगी दर्शना, शहापूरला कॉलेजात जाणारी, हिने नम्रताला ओळखून पाट दिला. नम्रताने शोकाचे चार शब्द बोलायला तोंड उघडलं, पण गीताबाईनेच आधी विचारलं, “तुजा डबा चांगला हाय ना गो?”

“हो, मावशी.”

“मग माझा माणूस कसा मेला?”

नम्रता खाली पाहत म्हणाली, “मावशी, वायर जोडताना दादांनी मेन स्विच का नाही पाडला? तो पाडला असता तर...”

उत्तर दर्शनाने दिलं. “ताई, तुम्हीच सांगितलं होतं. मेन पाडू नका, डबा झोपतो, मग ॲप चालत नाय, मग आम्हाला फोन करत बसता. बाबांनी ते पक्कं धरलं होतं. ॲपवर बंद दिसलं की बंद, असंपण तुम्हीच म्हणालात.”

म्हणाली होती. प्रत्येक घरी म्हणायची. मेन पाडला की तक्रारीचे फोन येत, आणि तक्रारी वाढल्या की तक्त्यातलं नाव खाली सरके.

“रघूदादांशी भांडण कशावरून होतं?” तिने कसंबसं विचारलं.

“पाण्यावरून,” गीताबाई म्हणाली. “विहीर सामायिक. दिस वाटलेलं. दिस कोणाचा पण असला तरी मोटार मधीच चालू व्हायची, जराशी चालून बंद पडायची. हे म्हणायचे, रघ्या मुद्दाम करतो. रघ्या म्हणायचा, तुमीच चोरून पाणी घेता. पार काटं घातलं मधी. मी पोलिसांना सांगितलं, त्यानंच केलं. दुसरा कोण करील?”

“मोटार आपोआप चालू व्हायची?” नम्रताने चमकून विचारलं. “मग कंपनीला कळवलं नाहीत?”

दर्शनाने फोन उघडून तिच्यापुढे धरला. “कळवलं होतं की. तुम्हालाच.”

स्क्रीनवर दर्शनाचा मेसेज होता: ताई, मोटार आपोआप चालू होते, जरा बघाल का. खाली नम्रताचं उत्तर. तिला तो मेसेज आठवतही नव्हता; कुठल्याशा मेळाव्याच्या गडबडीत लिहिला असणार. सोबत एक हसरा चेहराही होता.

‘डब्यात काही प्रॉब्लेम नाही गं. घरातल्याच कुणीतरी दाबलं असेल!’

“हे वाचूनच बाबांनी काकांचं नाव घेतलं,” दर्शना म्हणाली.

४

रघूला पोलिसांनी आदल्या दिवशीच दुपारी सोडलं होतं, पण गाव सोडून जायचं नाही असं बजावून. तो कुंपणापलीकडे मागच्या पडवीत बसला होता. त्याची बायको गिरजा दारात आडवी उभी राहिली.

“कशाला आलीस? आता काय विकायचं राहिलंय?”

“वहिनी, मला खरं काय ते शोधायचंय.”

“येऊ दे तिला,” आतून रघू म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. नम्रता समोर बसली तसा तो आपणहून बोलू लागला, जणू कुणी विचारण्याची वाट पाहत होता. “मी त्या दिवशी उंबरमाळीला व्हतो, मेव्हण्याकडं. त्याच्या पाड्यावर दोन काड्या पण नाय येत फोनला. कुठून दाबू बटन? पोलिसांना सांगितलं तर म्हणतात, मेव्हणा तुझाच हाय, तो तुझंच बोलणार.”

“पण त्याआधी मोटार मधेच चालू व्हायची, ती...”

“मी नाय केली! आईशपथ नाय. धाकल्यादादाला किती येळा सांगितलं.” त्याचा आवाज फाटला. “पाण्यासाठी भावाला मारीन व्हय मी?”

विक्री करणाऱ्या माणसाला समोरचा खरं बोलतोय की टाळतोय हे ओळखता यावं लागतं. त्यावरच पोट असतं. नम्रताला या माणसाच्या बोलण्यात कुठेही पोकळ आवाज लागला नाही. आटगावचं फाटक ओलांडताना केलेली प्रार्थना तिला आठवली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दारातून गिरजा बोलली, “दिवाळीच्या मागं किन्हवलीला मेळावा झाला, आठवतो? आमी दोघं गेलतो. घरी आलो तर भावजी काठी घेऊन उभे. मोटार का चालू केली म्हणून. अन् माझ्या घरवाल्याचा फोन दिसभर माझ्या पिशवीत व्हता, बंद पडलेला, चार्जिंगच नव्हतं.”

“नक्की त्याच दिवशी?”

“तुला काय सांगू? तू स्टेजवर व्हतीस ना. आमी तुझ्या म्होरंच बसलो व्हतो, दुसऱ्या रांगेत. तू त्या सरपंचाच्या आईच्या हातात फोन दिलास अन् समदी माणसं एक, दोन, तीन करून वरडत व्हती. मी पण वरडले.”

म्हणजे रघू नाही, गिरजा नाही. धाकलू तर स्वतःच भांडायला उभा. या घरातलं कुणीच नाही. मग या विहिरीवर हात कुणाचा चालत होता?

नम्रता उठली. तिला एकदम पाणी प्यावंसं वाटलं, पण मागायची हिंमत झाली नाही.

५

विहिरीवर बुधू होता. शेरडं सावलीला बसली होती.

“बुधूदादा, त्या दिवशी तुम्ही इथंच होतात. कुणी आलं-गेलं दिसलं?”

“कोणी नाय. मी पोलिसांना पण तेच सांगितलं. धाकल्या एकटाच काम करत व्हता.”

“काही ऐकलंत?”

बुधूने डोकं खाजवलं. “त्यांनी हे नाय विचारलं. ती स्टार्टरची पेटी वाजली. खट्. मला वाटलं मोटार चालू झाली, पण मोटारीचा आवाज नाय आला. मग परत खट्. असं झालं दोन-तीन येळा. चालू, बंद. चालू, बंद. जसं कोणी चिडवतंय. मग गप. मी शेरडं वळवायला गेलो.”

“दोन की तीन?”

“तीन,” तो म्हणाला. “तीन येळा.”

नम्रता बांधावर बसली. शेताला पाणी देणारा माणूस मोटार चालू करतो आणि तासाभराने बंद करतो. चोरून पाणी घेणाराही तेच करेल. खून करायचा असला तरी एकदा दाबलं की झालं. लागोपाठ तीनदा चालू-बंद करून कुणाला काय मिळणार? त्यात पाणी नाही, वैर नाही. असं फक्त दाखवण्यासाठी करतात.

आणि असं करायला नव्या पोरांना शिकवलं कुणी? तिनेच. ‘एकदा केलं तर लोकांना योगायोग वाटतो. दुसऱ्यांदा केलं की कुजबुजतात. तिसऱ्यांदा टाळ्या वाजतात.’ ठाण्याच्या ट्रेनिंगमध्ये अनिल सरांनी तिला खास उभं करून हे बोलायला लावलं होतं.

मुरबाडला आकडा शून्यावर का राहिला? डब्यातून करंट निघाला, पण मोटार जोडलेलीच नसेल तर आकडा दिसणार कसा? ठाण्याच्या यार्डातल्या पंपाची वायर कशाला कोण सोडेल?

वायरमनने पंचनाम्यानंतर मोटारीची वायर स्टार्टरमधून पार काढून नेली होती, तेव्हा आता धोका नव्हता. नम्रताने मेन वर केला. पांढऱ्या डब्यावर दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. बुधूला तिने लांब उभं केलं आणि स्वतः भेंडीच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तिने कंपनीचा फोन काढला, ज्यावर ती गेले कित्येक महिने गावोगाव डेमो करत होती. स्क्रीनवर नेहमीचीच अक्षरं: ‘डेमो पंप, ठाणे’. खाली गोल हिरवं बटण.

असं नसू दे, ती पुटपुटली. मघाशी रघूच असू दे म्हणून जिने देवाला विनवलं, तिची प्रार्थना आता कोण ऐकणार? तिने बटण दाबलं.

शेतापलीकडून आवाज आला. खट्.

“ह्योच!” बुधू ओरडला. “ह्योच आवाज! कोण हाय तिथं? कोणी केलं?” तो घाबरून पेटीभोवती, विहिरीत, झाडांवर बघू लागला.

नम्रताने फोन ओढणीआड केला.

६

अनिल सरांनी दुसऱ्याच रिंगला उचललं. “झालं रेकॉर्डिंग?”

“सर, यार्डातला डेमो पंप कुठाय?”

“म्हणजे?”

“मी फर्ड्यांच्या विहिरीवर उभी आहे. डेमो बटण दाबलं तर यांची पेटी वाजते.”

मग ते हळू आवाजात बोलले. “यार्डातला पंप पावसाळ्यात जळाला. नवा मंजूर होईना. डेमो थांबवले असते तर आपलं सगळं वर्ष बसलं असतं. तोपर्यंत एक चालू कनेक्शन डेमोला जोडून दिलं ऑफिसातून. नाव तेवढं ठाण्याचं ठेवलं. आटगावकडे रेंज चांगली होती, आणि फर्डे शांत माणूस, तक्रार करणारा नव्हे. अगं, दहा सेकंद मोटार फिरली तर कुणाचं काय जातं, असाच विचार केला.”

“मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू इतकं छान केलं असतंस?” ते अजिजीने म्हणाले. “ऐक. आत्ता मी ते जोडणीचं खातं उडवतो. पोलिसांना फक्त ‘ॲपवरून चालू’ एवढंच दिसतं, कुठल्या फोनवरून ते दिसत नाही. रघूविरुद्ध तरी पुरावा कुठाय? सुटेल तो. अपघात म्हणून फाइल बंद होईल. तू काहीही पाहिलं नाहीस. मुरबाडची ऑर्डर झाली की तुला एरिया मॅनेजर करायचं ठरलंय, हे मी आज सांगणारच होतो.”

नम्रताला राग यायला हवा होता, सरांवर. पण राग पुरेसा वर येईना, कारण त्याच्या आधी दुसरंच काही येऊन बसलं होतं. महिनोन्‌महिने त्या बटणावर तिने लोकांची बोटं टेकवली होती. किन्हवलीला एकदा डेमोत पंपाची लाइट गेल्याचं स्क्रीनवर आलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं की ठाण्यात कशी काय शेतीची लाइट जाते? वाटलं होतं, आणि तिने विचारलं नव्हतं. टाळ्या वाजत होत्या.

रघू सुटेल, सर म्हणाले. पोलिसांच्या हातून सुटेल, हे खरं. पण काट्यांचं कुंपण तसंच राहील. गीताबाई मरेपर्यंत दिराला खुनी समजेल, आणि गावातली पोरं त्याच्या मुलांना तेच म्हणून चिडवतील.

“सर,” ती म्हणाली, “कंपनीच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. तुम्हीच सक्तीचं केलंत. हाही झाला असेल.”

“नम्रता, वेडेपणा करू नकोस. पहिली तू अडकशील. फोन तुझ्या हातात होता.”

“हो,” ती म्हणाली. “माझ्या हातात होता.”

७

ओटीवर परत आल्यावर तिला वाटलं होतं की सुरुवात कुठून करावी हे सुचणार नाही. पण विकायला शिकलेली जीभ होती. ती सरळ चालू लागली. यार्डातला जळालेला पंप, नावापुरतं ठाणे, तीनदा चालू-बंद, मुरबाडचं सभागृह. किन्हवलीच्या मेळाव्याला रघू-गिरजा तिच्यासमोर बसले होते आणि त्यांचीच मोटार त्यांच्या टाळ्यांवर इथे फिरत होती, हेही तिने सांगितलं. “रघूदादांनी काही केलं नाही. तुमच्यातलं भांडणसुद्धा माझ्या डेमोने लावलं. इथून मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. हा फोन त्यांना देणार.”

गीताबाई ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. दर्शना मात्र एकटक पाहत होती.

“ताई, त्या दिवशी दुपारी तुमचं स्टेटस बघितलं मी. बाबांचं कळायच्या आधी.” ती म्हणाली, “त्यात एक म्हातारी होती. बोट तिचं होतं बटणावर. हसत होती.”

नम्रताच्या डोळ्यांपुढे पारूआजी उभ्या राहिल्या. डेमो झाल्यावर त्यांनी तिचा गाल कुरवाळला होता आणि म्हटलं होतं, “माझ्या बोटानं पानी आलं गो, आता मरायला मोकळी.” त्या म्हातारीला हे कधीतरी कुणी सांगितलं तर?

“फोटोपुरतं ठेवलं होतं तिचं बोट,” नम्रता म्हणाली. “दाबलं मी.”

“तीनही वेळा?”

“तीनही वेळा.”

दर्शना तिच्याकडे पाहत राहिली. तिला पटलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. पण तिने पुढे विचारलं नाही. “मग पोलिसांना पण असंच सांगा,” एवढंच म्हणाली. “मागून बदलू नका.”

आता शिव्या येतील, नम्रताला वाटलं. तिला त्या हव्याही होत्या. पण गीताबाई भिंतीला धरून उठली, पदर सारखा केला आणि ओटीच्या पायरीपर्यंत जाऊन थांबली. नजर कुंपणापलीकडे.

“मी पोलिसांम्होरं त्याचं नाव घेतलं,” ती म्हणाली. “सोडला तवा धावत आला व्हता, तिरडी उचलायच्या टायमाला. मी हाताला धरून बाहेर काढला त्याला. बोलले, खुन्याचा खांदा नको. समद्या गावाम्होरं. सख्ख्या भावाला खांदा नाय देऊ दिला गो मी. आता तो माणूस जळून गेला. आता कशाचा खांदा देऊ त्याला?”

ती पायरी उतरली आणि नम्रताकडे वळली.

“चल,” गीताबाई म्हणाली.

“कुठे, मावशी?”

“त्याच्याकडं. एकटीनं जायला माझं तोंड नाय.”

“मी आले तर रघूदादा भडकतील. मला बघून...”

“तेच. आधी तुझ्यावर भडकंल. तवर मला हुबं राहायला जमंल.”

दर्शनाने पुढे होऊन काट्याची एक फांदी ओढून बाजूला केली. गीताबाई आधी गेली. तिचं लुगडं काट्यात अडकलं, तिने ते ओढलं, फाटलं. मागून नम्रता.

गिरजा ओटीवर तांदूळ पाखडत होती. दोघींना बघून तिचं सूप थांबलं. ती आत बघून काहीतरी बोलली आणि रघू बाहेर आला. गीताबाईने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ओठ नुसते हलत राहिले.

“रघूदादा,” नम्रताच बोलली, “ती मोटार माझ्या फोनवरून चालू झाली होती. तुमच्या नाही. मीच केली.”

रघूने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो भावजयीकडे पाहत होता. तिच्या मोकळ्या कपाळाकडे, फाटलेल्या पदराकडे, हलणाऱ्या ओठांकडे. बराच वेळ त्याला नम्रताचे शब्द पोचले नसावेत. मग पोचले, कारण त्याने दाराच्या चौकटीला हात लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

“वहिनी,” तो म्हणाला, “हुब्या का? बसा.”

गिरजाने सूप बाजूला सारून जागा केली. गीताबाई तिथे बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागली. रघू तिच्या पायांशी खाली टेकला.

नम्रताला कुणी बस म्हटलं नाही. ती अंगणात उन्हात उभी राहिली, आणि रघूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं तेव्हा, पहिल्यापासून पुन्हा सांगू लागली.